पोरीचं शुद्धलेखन

पेवाच्या तोंडाशी पोरीचं दप्तर पडलेलं होतं आणि आतून काही आवाज येत नव्हता. मी पालथी पडून तोंडात डोकं घातलं आणि हाक मारली. माझाच आवाज खाली जाऊन वर आला. अंधाराला डोळे सरावले तसा आधी तिचा पाय दिसला, मग परकराची कड. ती जवारीच्या ढिगावर एका कुशीवर पडली होती. हलत नव्हती.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. आमचं पेव घरामागे पांढऱ्या मातीत होतं. वर एक माणूस जाईल एवढं तोंड, खाली माठासारखं पोट, दोन पुरुष खोल. उन्हाळ्यात जवारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून लिंपून टाकायचं आणि पावसाळ्यात घरातलं धान्य सरलं की उघाड पाहून उघडायचं. बंद पेवात वाईट हवा साचते. ती दिसत नाही, तिला वासही नसतो. म्हणून उघडल्यावर अर्धा दिवस तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. हे आमच्या गावात लहान पोरांनाही माहीत होतं, माझ्या पोरीलाही होतं. पण मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या सकाळी पेव उघडलं तेव्हा ती दप्तर घेऊन घराबाहेर पडलेली होती. पेव आज उघडलं की काल, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

घरात आम्ही तिघी होतो. मी, माझी सासू आणि मोठी जाऊ. दुपारून जवारी काढायची होती म्हणून आम्हा दोघी जावांना निंदणीला नेलं नव्हतं. बाकी सगळं गाव शेतात होतं. सासूनं कंदील पेटवून आणला. जाऊनं तो दोरीला बांधून खाली सोडला. तोंडाच्या खाली हातभर गेला तोवर जळत होता. आणखी खाली गेला आणि ज्योत बारीक झाली. पोरीच्या पायाजवळ पोहोचला तेव्हा विझला.

"लहाने, उतरू नको," जाऊ म्हणाली. "तू गेली तं दोन होतीन."

पोरगी तिथं का गेली होती ते आधी सांगते. त्याशिवाय पुढचं सांगून उपयोग नाही.

ती चौथीत होती. नवं महाराष्ट्र राज्य झालं होतं आणि कुठले कुठले मास्तर बदलून कुठे कुठे येत होते. आमच्या गावाला पुण्याकडचा गुरुजी आला. उंच, बारीक, धुतलेल्या कपड्यांचा. लोक म्हणायचे की माणूस वाईट नाही, शिकवणं मन लावून करतो. मला तो वाईटच वाटला. आमच्या पोरांनी तोंड उघडलं की तो हसायचा, आणि मास्तर हसला की वर्ग हसतो.

त्यानं घरचा अभ्यास सुरू केला. त्याआधी आमच्या गावात अभ्यास शाळेतच व्हायचा, घरी शेण-पाणी. ज्या घरी वाचता येणारं माणूस होतं तिथल्या पोरांना त्यानं शुद्धलेखन दिलं. घरच्या माणसानं धड्यातले शब्द सांगायचे, पोरानं पाटीवर लिहायचे आणि सकाळी पाटी न पुसता शाळेत आणायची. ज्या घरी कोणाला अक्षर येत नव्हतं त्या पोरांना नुसते पाढे. आमच्या घरी नवरा निरक्षर, दीर निरक्षर, मामाजींना सही येत होती. मी चौथी पास. म्हणून पोरीच्या वाट्याला शुद्धलेखन आलं.

आमच्या बाजूला ळ बोलत नाहीत. डोळ्याला डोया, शाळेला शाया, काळ्याला काया, केळीला केयी. मी शिकले तो मास्तर आमच्याच तालुक्यातला. तोही शायाच म्हणायचा. आमच्या वेळी कित्ता होता, पाहून गिरवायचं. त्यामुळे लिहिलेला ळ मला ओळखू यायचा, लिहिताही यायचा, पण वाचताना मी त्याला य म्हणायची. त्यात काही वेगळं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी मी पुस्तक धरून चुलीपुढे बसले आणि सांगत गेले. सकाय. फया. काया घोडा. पोरीनं ऐकलं तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर खडूच्या फुल्या घेऊन आली.

"गुरुजीनं इचारलं, हे कोनं सांगतलं."

"मंग तू काय म्हनली?"

"मायनं सांगतलं म्हनलं. त म्हने, मंग मायलेच शायेत धाड."

मी म्हटलं, पुस्तक पाहून लिही. तिनं पाहून लिहिलं, पाटी बरोबर आली. गुरुजीला लगेच कळलं. त्यानं तेच शब्द वर्गात स्वतः सांगितले आणि तिला फळ्यावर लिहायला लावले. तो ळ म्हणायचा तो तिच्या कानाला ल लागायचा. घरी ऐकायची तो य. तिनं फळ्यावर शाला लिहिलं. वर्ग हसला.

मग मी तिला एक नियम करून दिला. मी म्हटलं, "मी जेथं य म्हनीन तेथं तू ळ लिहत जाय." मला जे येत होतं त्यातून मी तो काढला. दुसऱ्या कोणाच्या आईनं असा नियम दिला नसता, कारण त्यांना ळ हे अक्षरच ठाऊक नव्हतं. त्यांची पोरं पाढे म्हणून मोकळी झाली.

त्या नियमावर पोरीनं गाईवरचा निबंध लिहिला. माझी माळ गाळीचं दूध काढते. गाळीला चार पाळ असतात. गुरुजीनं तो वर्गात मोठ्यानं वाचला. त्यानंतर मी डोक्यावर घागर घेऊन शाळेवरून निघाले की पोरं खिडकीतून ओरडायची, "तुही माळ आली वं, माळ." मी घागर घेऊन पुढे जायची. पोरगी आत बसलेली असायची.

तिनं बोलणं कमी केलं. बोलायची ती शब्द विचारायला. हातातला घास ताटलीत ठेवायची आणि म्हणायची, "माय, दुधावरची साय कोनती? खरा य का खोटा य?"

"पुस्तकात हाय का तो शब्द?"

"नाही."

"मंग मले काय ठाऊक."

मला खरंच ठाऊक नव्हतं. पुस्तकात पाहिलेला शब्द मला सांगता यायचा. पुस्तकाबाहेरचा एकही सांगता येत नव्हता, आणि घरात बोलतो ते सगळे शब्द पुस्तकाबाहेरचे. सोयाबीन तेव्हा नव्हतं, तूर, मूग, कापूस होता. एकदा तिनं विचारलं की कपाशीच्या बोंडात पडते ती अयी कोणत्या य ची, खऱ्या की खोट्या. मी उठून अंगणात गेले. पुन्हा आत आले तेव्हा ती तशीच वाट पाहत बसली होती.

ती रात्री अंथरूण ओलं करायला लागली. एवढी मोठी पोरगी. ती माझ्याजवळ नव्हे, माझ्या मोठ्या जावेजवळ झोपायची. जावेला मूलबाळ नव्हतं आणि पोरीला लहानपणापासून तिचीच सवय होती. सकाळी जाऊ गोधडी नदीवर नेऊन धुवायची आणि वाटेत मला ऐकू येईल असं बोलायची.

"इले शिकून कलेक्टरीन कराची हाय. गोधड्या आमी धुवाच्या."

"मंग काय करू, शाया सोडवू?"

"मी म्हनलं का सोडव? मी म्हनलं, गोधडी वजनदार हाय."

शाळा सोडवणं सोपं होतं. मामाजी तयारच होते. ते म्हणायचे, पोट्टीची जात, झालं तेवढं पुरे, निंदायला एक हात वाढेल. मी शाळा सोडवली नाही. मी स्वतः चौथीनंतर घरी बसलेली होते आणि तिथून पुढे काय असतं ते मला माहीत होतं.

शेवटी मी गुरुजीच्या बायकोकडे गेले. गुरुजी घरी नसेल अशी वेळ पाहून गेले. बाई चांगली होती. तिनं मला पाटावर बसवलं, चहा दिला. मी म्हटलं, मला ते अक्षर म्हणायला शिकवा, म्हणजे मी पोरीला नीट सांगेन.

"म्हणा, बाळ," ती म्हणाली.

"बाय."

"बाळ."

"बाल."

"नाही हो. जीभ अशी मागे वळवा आणि वर टाळूला लावा. वळवा."

"वयवतो बाई. वयतच नाही."

ती हसली. मलाही हसू आलं. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. माझी जीभ दुखून आली, पण ती पुढेच यायची. निघताना ती म्हणाली, "रोज थोडं म्हणत जा, येईल." मी रोज म्हणत गेले. भाकरी थापताना, गोठा झाडताना, निंदताना. जीभ उलटी करून तोंड वाकडं व्हायचं. एक दिवस शेतात जाऊ माझ्या शेजारच्या ओळीत होती. ती निंदायची थांबली.

"लहाने, तोंडात काय गेलं वं? जीभ काऊन चावून राह्यली?"

"अक्षर हाय."

"थुकून दे."

"बाई, तुमाले काय समजते त्यातलं."

"मले काई समजत नाही. मले एवढं समजते का पोट्टी कालपासून जेवली नाही."

ते खरं होतं. मला ते समजलेलं नव्हतं, कारण ताट मी वाढत होते आणि उचलत जाऊ होती.

मग शाळा तपासायला साहेब येणार असं ठरलं. त्याला गावात डिप्टी म्हणायचे. गुरुजीनं आठवडाभर भिंती सारवून घेतल्या, पोरांकडून कविता घोकून घेतल्या. आदल्या संध्याकाळी पोरीनं दप्तर भरून कोपऱ्यात ठेवलं. मी शुद्धलेखन सांगायला पुस्तक मागितलं. ती म्हणाली, "उद्या लागत नाही." मला वाटलं, डिप्टी येतोय म्हणून गुरुजीनं सोडलं असेल. बरं वाटलं. मी लवकर झोपले.

सकाळी ती नेहमीसारखी गेली. मामाजींनी पेव उघडलं, दुपारपर्यंत कोणी जवळ जायचं नाही असं सांगितलं आणि शेतात गेले. मधल्या सुट्टीत शेजारची मुलगी पाणी प्यायला घरी आली. ती आमच्या पोरीच्याच वर्गात होती. ओट्यावरून मला म्हणाली, "काकू, ते आज कोठी हाय? गुरुजीनं तिले येऊ नको म्हनलं होतं ना."

"कोनाले येऊ नको म्हनलं?"

"तुमच्या पोट्टीले. म्हने, डिप्टी येईन, तू घरी राय, वर्गाची इज्जत जाईन."

मी तिला शोधत घरामागे गेले आणि पेवाशी दप्तर दिसलं. माणसं शेतात गेल्यावर ती मागून परत आली होती, हे आम्हाला नंतर तिच्याकडून कळलं. कडब्याच्या गंजीमागे बसून होती. शाळा सुटायच्या वेळी शाळेतून आल्यासारखी घरात यायचं असं तिनं ठरवलं होतं. मधल्या सुट्टीची पोरं त्या बाजूला आली. त्यांनी पाहू नये म्हणून तिनं आधी दप्तर पेवाच्या तोंडाशी टाकलं आणि तोंडाच्या भिंतीतल्या खाचांत पाय ठेवून आत उतरली. डोकं खाली जाईल एवढंच उतरायचं तिच्या मनात होतं. घेरी आली आणि ढिगावर पडली. पोरांनी काही पाहिलं नाही.

म्हणजे ती पडली त्याला फार वेळ झालेला नव्हता. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की कंदील विझला आहे.

सासूनं शेजारच्या मुलीला शेताकडे पळवलं, माणसांना बोलावून आण म्हणून. शेत नाल्यापलीकडे होतं. ते येईपर्यंत थांबायचं का, हा विचार कोणी बोलून दाखवला नाही. जाऊनं निंबाच्या डहाळ्या ओरबाडल्या, मोळी करून दोरीला बांधली आणि पेवात खाली-वर करायला लागली. हवा हलावी म्हणून विहिरीतही असंच करतात. सासू सुपानं तोंडाशी वारा घालत होती. मी पाण्याच्या घागरी कडेनं ओतल्या. जाऊनं कंदील पुन्हा पेटवून सोडला. पोरीच्या पायाशी गेला. बारीक झाला, पण लगेच विझला नाही. काही क्षण निळा जळला आणि मग गेला.

"आता हाय थोडी हवा," मी म्हटलं.

"नाही हाय," जाऊ म्हणाली. "इझला तो."

"येयानं इझला."

"काय म्हनलं?"

"वेळानं." ते अक्षर त्या वेळी माझ्या तोंडून नीट निघालं, असं सासू पुढे सांगायची. मला आठवत नाही. मी ते ऐकलं नाही आणि त्यानंतर ते मला कधी जमलं नाही.

मोटेचा जुना दोर कमरेला बांधला आणि मी उतरले. ओलं फडकं तोंडाला बांधलं होतं. त्याचा काही उपयोग नसतो. वरून दोघी दोर धरून होत्या. मी छातीत श्वास भरून घेतला होता, तो ढिगावर पाय टेकेपर्यंत पुरला. पोरगी गरम होती. गरम आहे एवढं कळलं आणि मी माझ्या कमरेचा दोर सोडून तिच्या काखेखालून बांधला. दोर एकच होता. गाठ मारताना मला श्वास घ्यावा लागला. त्या हवेनं छाती जळत नाही, ठसका येत नाही. फक्त पाय आपले राहत नाहीत. मी दोर हलवला. पोरगी माझ्या तोंडासमोरून वर गेली, तिचे पाय माझ्या खांद्याला लागले. मी हात वर करून भिंतीतली खाच शोधत होते. खाच हाताला लागत होती. धरता येत नव्हती. एवढंच मला माहीत आहे.

पुढचं सासूनं सांगितलेलं आहे. पोरीला वर ओढून मातीवर घातलं. तिच्या छातीवर चोळलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा तिनं श्वास ओढला आणि ओकली. तोवर आजूबाजूच्या दोन म्हाताऱ्या बाया धावत आल्या होत्या. सासूनं पेवात हाक मारली, मी ओ दिली नाही. पोरीच्या काखेतली दोराची गाठ भिजून घट्ट बसली होती. जाऊनं ती दातानं सोडवली. दोराचं टोक हातात घेऊन ती पेवाच्या कडेवर बसली.

सासू म्हणाली, "मोठे, मानसं येऊन राह्यले. दम धर."

जाऊ म्हणाली, "आत्याबाई, दोर धरा. लहानीले बांधून देतो, तुमी वढा."

"तुले बांध आधी."

"मले बांधलं त तिले काय बांधू?"

ती खाचांतून भराभर उतरली. ती अंगानं मजबूत होती, आम्हा दोघींत जास्त. तिनं मला बांधलं. गाठ नीट मारली होती, सासू म्हणायची, ओढताना सरकली नाही. तिघी म्हाताऱ्यांनी मला वर ओढलं. त्यात वेळ गेला, कारण त्या म्हाताऱ्या होत्या. मला वर घेऊन दोर पुन्हा खाली टाकला तेव्हा तो धरायला खालून कोणी हात लावला नाही. माणसं नाल्याच्या अलीकडे दिसायला लागली होती. माझा मोठा दीर, जावेचा नवरा, सगळ्यांच्या पुढे पळत होता.

मी शुद्धीवर आले तेव्हा अंगणात गर्दी होती. पोरगी माझ्या शेजारी गोधडीवर होती. ती आभाळाकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी कान लावला. ती "मोठीमाय" म्हणत होती. जावेला ती मोठीमाय म्हणायची.

गुरुजी संध्याकाळी आला. डिप्टी परत गेला होता. तो ओट्याखाली चपला काढून उभा राहिला. दीर आत बसला होता, त्याला कोणी बाहेर येऊ दिलं नाही. गुरुजी म्हणाला, "मला असं होईल असं वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "पोट्टी शायेत येईन. तिले घरी लेहाले काई देऊ नोका."

तो हो म्हणाला. चपला घालून गेला. पोरीनं त्याच्याच हाताखाली चौथीचं वर्ष पुरं केलं. तिला त्यानं पाढे दिले.

पुढे ती काय शिकली, कोणाच्या घरी पडली, हे सगळं सांगण्यासारखं आहे, पण ते तिनं सांगावं. पेव मामाजींनी दुसऱ्या दिवशी दगड-मातीनं बुजवलं. अर्धी जवारी आतच राहिली, ती कोणी काढू म्हटलं नाही.

त्या दिवशी पेवात आम्ही तिघी उतरलो. पोरगी जगली, मी जगले. माझी मोठी जाऊ जगली नाही.